तोंड न उघडणारी मगर

प्रिय ईरा आणि नील,

परवा फोनवर तुम्ही मला मगरीचा आवाज काढून दाखवलात. नीलने दात घट्ट मिटून "सरका जरा, मला लांब जायाचं हाय" हे वाक्य म्हटलं, आणि ईराने त्याला मध्येच थांबवलं, की असं नाही, ओठ हलवायचे, दात नाही. मग तुमच्या आईने विचारलं, सिनेमाच्या शेवटी नावं येतात त्यातली इंदुमती म्हणजे आपल्या वरच्या मजल्यावरची इंदू का?

हो, तीच. आपला वरचा मजला, जो आजोबांनी तुमच्यासाठी बांधला आणि जो पुढे समीरच्या कार्टून स्टुडिओला भाड्याने दिला, तो या महिन्यात रिकामा झाला. स्टुडिओ पुण्याला गेला. खोल्या झाडून, खिडक्या पुसून झाल्या. काही वस्तू माझ्याकडे ठेवून गेले आहेत, त्या जागेवर लावून झाल्या. आता हातात वेळ आहे आणि सगळं नीट आठवतंही आहे, म्हणून लिहिते. तुमच्या आईने वाचून दाखवावं.

एक गोष्ट आधीच सांगते. तुम्ही इंदूला तिच्या आवाजाने ओळखता. तिला हे फारसं आवडणार नाही. ती चित्र काढणारी बाई. तिला कुणी "आवाजवाल्या ताई" म्हटलं की ती मान दुसरीकडे वळवायची. तिचं असं का होतं, हे तुम्हाला कळलं तर मगर तुम्हाला थोडी वेगळी दिसेल.

समीर मूळचा कराडजवळच्या मलकापूरचा. मुंबईत काही वर्षं काम करून तो इकडे सांगलीला आला, कारण त्याला कागदावर, पेन्सिलीने, हाताने काढलेला सिनेमा करायचा होता आणि मुंबईत त्याला कुणी ते करू देईना. वर सात-आठ मुलंमुली होती. सगळी जीन्समध्ये, कानाला हेडफोन. त्यांत इंदू एकटी साडीत, पदर खोचलेला, उंच आणि काटक, पन्नाशीची. ती कवठे महांकाळ तालुक्यातली. तिकडच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. शाळेने चित्रकलेची जागाच बंद केली, तेव्हा ती सांगलीला आली. मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी जायची.

तिचं काम समजायला सोपं आहे. आधी कुणीतरी भराभर कच्चं चित्र काढतं. त्यात एका पाठीला चार रेघा असतात, एका शेपटीला पाच. इंदू त्यावर कोरा कागद ठेवून, खाली दिवा लावून, त्यांतली एकच रेघ निवडायची आणि ती पक्की करायची. सिनेमात आपल्याला दिसते ती हीच रेघ. कुठली निवडायची हे तिला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बाकीच्या नगं वाटत्यात."

ती मला "बाई" म्हणायची, मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे म्हणून. पहिल्यांदा खाली आली ती चप्पल दाराबाहेर काढून सरळ स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "बाई, तुमी जरा चिडा."

मी भाजी फोडणीला टाकत होते. म्हटलं, "कशावर चिडू?"

"कशावरबी. आमी पानी लय वापरतो वर. टाकी रोज संपतीया. त्यावर चिडा."

टाकी खरोखरच संपत होती आणि हे बोलावं की नाही या विचारात मी आठवडाभर होते. त्यामुळे मी चिडले, आणि चांगलीच चिडले. मी बोलत असताना ती माझ्या गालाकडे आणि हनुवटीकडे बघत हातातल्या कागदावर काढत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "झालं. आता पानी जपून वापरतो. येतो बाई मी." आमच्याकडच्या खेड्यांतल्या बायका "येतो, जातो" असंच म्हणतात, हसू नका. त्या दिवसापासून टाकी पुरू लागली. पुढे एका छोट्या सिनेमातल्या चिडलेल्या कोंबडीची हनुवटी मला फार ओळखीची वाटली, पण मी काही विचारलं नाही.

चहा ती बिनसाखरेचा घ्यायची आणि गुळाचा खडा गालात धरायची. पेन्सिलीला टोक ब्लेडनेच करायची. चित्रातली चूक शोधायला कागद उलटा करून बघायची, कारण डोकं खाली आणि पाय वर केले की डोळा फसत नाही. ही सवय तिने कागदापुरती ठेवली नव्हती. एका सकाळी माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटं टांगलेलं दिसलं. कामवालीला विचारलं तर ती घाबरली. दुपारी इंदू येऊन म्हणाली, "ते सरळ करायचं ऱ्हायलं. देवीचा डावा खांदा चुकलाय."

रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून ती नवऱ्याला फोन करायची. महादेवराव सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरची थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या बघायचे. मला खाली ऐकू येणारं बोलणं रोज एकाच क्रमाने असे. "आवं, शेळीला पाला टाकला का? पानी दावलं का? मग तुमी काय खाल्लं?" महादेवराव एकदा ज्वारीचं पोतं घेऊन आले होते, तेव्हा मी म्हटलं, तुमचा नंबर शेळीनंतर लागतो. ते म्हणाले, "लागतोय ह्येच लय झालं. मी फौजेत हुतो तवा तर यादीतच नव्हतो."

आणि पेन्सिल. पेन्सिल हातात असली की इंदू बोलत नसे. कुणी काही विचारलं तरी उत्तर नाही. पण चित्रांचा गठ्ठा तपासताना दोन्ही हात कागद फडफडवण्यात गुंतलेले, कारण कागद भरभर पालटले की चित्र हलताना दिसतं. तेव्हा पेन्सिल ती आडवी दातांत धरायची. आणि दातांत पेन्सिल असली की तिला बोलायचं सगळं आठवायचं. पोरांना जी काही बोलणी बसत ती अशीच, मिटल्या दातांतून.

आता मगरीकडे येते.

कार्टूनमध्ये आधी आवाज आणि मग चित्र असतं. पात्राचं तोंड कुठे उघडायचं, कुठे मिटायचं, दम कुठे घ्यायचा, हे आवाज ऐकून ठरवतात. म्हणून आधी एक कच्चा आवाज भरून घेतात. तो स्टुडिओतलाच कुणीतरी देतो, जो मोकळा असेल तो. चित्रं पुरी झाली की खरे नट येतात, चित्राकडे बघत बोलतात, आणि कच्चा आवाज काढून टाकतात. वर आवाज भरायला खोली नव्हती, रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू यायच्या. म्हणून समीरने माझी गाद्यांची खोली मागून घेतली. चारी भिंतींना गाद्या आणि वाकळा टांगल्या की आत चिडीचूप.

समीरचा सिनेमा कृष्णेतल्या मगरीचा होता. तिच्या वाळवंटावरून लोक वाळू नेतात, म्हणून ती दुसरी जागा शोधत नदीने वर निघते आणि वाटेत भेटेल त्याच्याशी भांडते. तो सगळ्यांना घेऊन एकदा भिलवडीच्या बाजूला मगरी बघायला गेला होता. पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. इंदू काठावर उकिडवी बसून काढत होती. होडीवाल्याशी तिचं बराच वेळ काही बोलणं चाललं होतं.

मगरीचा कच्चा आवाज कुणालाच जमेना. हिशेब बघणाऱ्याने काढला तो नाटकातल्या राक्षसासारखा. ऋतुजा म्हणून एक मुलगी होती, नुकतीच शिकून आलेली, तिचा फारच गोड आला. समीर वैतागून बसला होता. शेजारी इंदू दातांत पेन्सिल धरून ऋतुजाने सरावाला काढलेल्या मगरीचा गठ्ठा फडफडवत होती.

"शेपूट कुठं गेली गं हिची? मागच्या कागदावर हुती, ह्या कागदावर न्हाई. भाजून खाल्लीस काय?"

"ताई, ती पाण्याखाली गेलीय."

"पानी कुठं काढलंयस?"

"राहिलं."

"मग कोरडीच बुडाली म्हन की."

समीर म्हणाला, "ताई, पेन्सिल काढू नका. तशाच खाली चला."

तशीच ती माझ्या गाद्यांच्या खोलीत आली. पण हात मोकळे ठेवून बोलायला सांगितलं की तिचा आवाज शाळेतल्या धड्यासारखा यायचा. शेवटी तिच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. ती कागद फडफडवत, दातांत पेन्सिल धरून, मगरीची सगळी वाक्यं बोलली. मध्ये मध्ये कागदांचा आवाज भरला गेला. समीर म्हणाला, असू दे, कच्चाच आहे.

पुढे वर्षाहून जास्त चित्रं चालली. त्याच काळात एका सकाळी इंदू खाली येऊन म्हणाली, "बाई, मिरजेला येता का माझ्यासंगं? डोळ्याच्या डॉक्टरकडं. तिथं इंग्रजी बोलत्यात."

मी पाहिलं होतं की तिच्या डाव्या हाताला ठेवलेला चहाचा पेला तिच्याकडून सांडतो. एकदा सांडला, मी फडकं दिलं. पुन्हा सांडला, तेव्हापासून मी तो उजवीकडे ठेवू लागले होते.

डॉक्टर चांगलं मराठी बोलले. काचबिंदू होता. डावा डोळा बराच गेला होता, उजवा कडेने जायला लागला होता. ते म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची, थेंब चुकवायचे नाहीत. इंदूने विचारलं, "रेघ किती वर्सं दिसंल?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तिने मान हलवली आणि थेंब घालायच्या वेळा विचारून घेतल्या.

परतताना सिटी बसमध्ये ती खिडकीजवळ बसली. एक डोळा झाकून बाहेर बघायची, मग दुसरा. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वर बोलू नगा बाई. टेबल काढून घेतील. वाईट हाईत म्हनून न्हाई. चांगली हाईत म्हनून."

मी बोलले नाही. थेंबांच्या वेळेला मात्र मी खालून देवघरातली घंटा वाजवायचे. वरच्या पोरांना वाटायचं, आजींची पूजा नियमित आहे.

चित्रं पुरी झाली. मगरीच्या खऱ्या आवाजासाठी समीरने मुंबईच्या एक मोठ्या नटी ठरवल्या होत्या. नाव लिहीत नाही, तुमच्या आईला सांगेन. त्या नाटकाच्या प्रयोगासाठी सांगलीत आल्या, तेव्हा दुपारचा वेळ काढून आपल्याकडे आल्या. इंग्रजी अक्षरं पडद्याखाली येतात ती मी लिहिली होती, म्हणून मीही खोलीत होते. बाईंनी गाद्यांकडे बघून विचारलं, "कुणी झोपायला येणार आहे का?" आणि मग पहिलं वाक्य बोलल्या. फार सुंदर आवाज. भरदार, मोकळा, गाद्यांतूनही घुमला.

पडद्यावर मगरीचे दात घट्ट मिटलेले होते.

त्यांनी दुसरं वाक्य घेतलं. मगर मिटलेलीच. तिसरं घेतलं. मग त्या थांबल्या.

"समीर, हिचं तोंड कधी उघडतं?"

"उघडतं की मॅडम. पुढं आहे."

त्याने सिनेमा पुढे नेला. मग आणखी पुढे. मगर पोहली, भांडली, रडली, रात्री चंद्राशी बोलली. ओठ हलत होते, गाल हलत होते, पण जबडा काही उघडला नाही. समीरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. दारात सगळा स्टुडिओ उभा होता. शेवटी ऋतुजा म्हणाली, "सर, उघडायचं राहिलं."

मगरीवरचा अख्खा सिनेमा, आणि मगरीने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण रोज इंदूला दातांत पेन्सिल धरून बोलताना बघून त्या सगळ्यांना बोलणं असंच दिसतं असं वाटायला लागलं होतं. ज्यांनी कच्ची चित्रं काढली त्यांनी तसंच काढलं. आणि इंदूने स्वतः त्यावर रेघ पक्की केली.

बाई इतक्या हसल्या की खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "कच्चा आवाज ऐकवा." तो ऐकला. पुन्हा एकदा ऐकला. "मला एक पेन्सिल द्या."

पेन्सिल दिली. त्यांनी दातांत धरून वाक्य घेतलं, पुन्हा घेतलं, मग पेन्सिल काढून रुमालाने हनुवटी पुसली. "मी हे करीन, पण ती यांची नक्कल होईल. कुणाचा आहे आवाज?"

सगळ्यांनी इंदूकडे बघितलं. ती म्हणाली, "आवं न्हाई ताई. ते कच्चं हाय."

"चित्र त्याच्यावरच पक्कं झालंय ना? मग आवाजही पक्का."

वर एकच दंगा झाला. कुणी पेढे आणायला गेलं. बाईंनी इंदूला जवळ घेतलं आणि त्या प्रयोगाला निघून गेल्या. मी चहा गाळला, इंदूचा पेला उजवीकडे ठेवला, तर ती तिथे नव्हती. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती.

"बाई, ह्ये काय बरं न्हाई झालं."

"का गं? इतक्या मोठ्या बाई म्हणाल्या."

"म्हनूनच. आता समीर म्हनंल, ताई, तुमी आवाजाचंच बघा. टेबलाचा तरास नगं. डोळ्याला आराम पडंल."

"त्याला डोळ्यांचं कुठे माहीत आहे?"

"समद्यांस्नी म्हाईत हाय. मी कागद कसा फिरवतो ते दिसत न्हाई व्हय त्यास्नी? कोन बोलत न्हाई, मी बी बोलत न्हाई." तिने जिन्याचा कठडा धरला. "आवाज काय, जल्माला येताना घिऊनच आलो. जनावरालाबी आसतो. रेघ मी शिकलो बाई."

दुसऱ्या दिवशी समीर नेमकं तेच म्हणाला. खाली माझ्यासमोरच म्हणाला, तिला बरं वाटावं म्हणून. ताई, आता आणखी सिनेमांचे आवाज येतील, तुम्ही निवांत बसून करा, रेघांचं ऋतुजा बघेल. अगदी आदराने म्हणाला. इंदूने ऐकून घेतलं.

मग विचारलं, "आनि लोक इचारतील त्याचं काय? मगरीनं तोंड का उघडलं न्हाई म्हनून?"

"तेच कळत नाही ताई. सगळं पुन्हा काढणं तर शक्य नाही."

"मगर तोंड कवा उघडत न्हाई, म्हाईत हाय?"

"कधी?"

"तोंडात पिल्ली आसल्यावर. त्या दिशी होडीवाला सांगत हुता. अंड्यातनं निघाली की आई तोंडात घिऊन जाती, दात न लागू देता. मग ही बया एवढी लांब कुनासाठी निघालीय? शेवटाला जागा गावली की एकदाच उघडू द्या. आत पिल्ली."

समीर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. नुसतं "ताई" म्हणाला.

"ते चित्र मी काढनार. कच्चंबी माझं आनि पक्कंबी माझं. ऋतुजा न्हाई, कोनबी न्हाई. ते झालं की मग आवाजाचं काय म्हनशील ते करतो."

"ताई, पण दिसेल का तुम्हाला..."

"दिसतंय तवर काढतो. तू बघ, वाईट आलं तर फाडून टाक."

समीर हो म्हणाला. तेव्हाच त्याने विचारलं की तोंड उघडल्यावर मगर काय बोलेल, एखादं छान वाक्य लिहू का. इंदू म्हणाली, "काय न्हाई बोलनार. पेन्सिल हातात आसली की मी बोलत न्हाई."

तिचं टेबल खाली आपल्या पुढच्या व्हरांड्यात आणलं, कारण तिथे उजेड चांगला. सकाळी ती यायची आणि उजेड जाईपर्यंत काढायची. टेबलावर एक फिरती चकती होती, तिच्यावर कागद. ती दर काही रेघांनी चकती फिरवायची, म्हणजे जो भाग काढायचा तो नेहमी नजर शाबूत असलेल्या बाजूला येई. मगर कधी उभी, कधी आडवी, कधी पाठीवर. उलट्या कागदावर काढायची तिची जुनी सवय होती, म्हणूनच तिला ते साधलं असावं. माझं जाड भिंग मी तिला दिलं होतं. ती दिवसभर एक शब्द बोलत नसे. थेंबांची वेळ झाली की मी घंटा न वाजवता नुसतं समोर जाऊन उभी राहायचे, ती मान मागे टाकायची.

बरेच कागद तिने स्वतः फाडले. एकदा पिल्लांचे पाय नीट पडत नव्हते, तर मला म्हणाली, "फडफडवा बाई." मी गठ्ठा धरून तिने शिकवल्यासारखा पालटला. मिटलेला जबडा हळूच सैल झाला आणि उघडला, आणि आतून एक इवलंसं तोंड बाहेर आलं. मी पुन्हा पालटला. माझ्या हातात ते जिवंत झालं होतं. मी तिला म्हटलं, छान आहे. ती म्हणाली, "मागचा पाय घसरतोय," आणि गठ्ठा काढून घेतला.

समीरने त्यातला एकही कागद फाडला नाही.

सिनेमा प्रथम सांगलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. महादेवराव गणवेशाच्या इस्त्रीची आठवण व्हावी असा कडक पांढरा शर्ट घालून आले होते. शेवटी मगर वाळवंटावर चढली, थांबली आणि तिने तोंड उघडलं, तेव्हा एवढी पोरं असून हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर पोरांनी इंदूला गराडा घातला. "आवाज काढा, आवाज काढा." तिने काढला. मग विचारलं, "चित्र बघितलं का? समदी पिल्ली भाईर आली का?"

"आली," सगळी ओरडली.

एक बुटकी मुलगी म्हणाली, "एक परत आत गेलं."

इंदूने तिच्याकडे नीट बघण्यासाठी मान वळवली. "तुझं नाव काय गं?" मुलीने नाव सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. इंदूने पिशवीतून गुळाचा खडा काढून तिला दिला.

त्यानंतर खरंच आवाजांचं काम आलं. इंदू एका सिनेमात म्हैस झाली, एकात जुनी विहीर, एका जाहिरातीत कुणाची तरी आजी. तिच्यामागून स्टुडिओतले इतरही ओढले गेले. हिशेबवाला बेडूक झाला आणि त्याला तेच काम जास्त येऊ लागलं. ऋतुजा एका पक्ष्याचा आवाज देऊन आली आणि परत येऊन गुपचूप रेघा पक्क्या करायला बसली. इंदू ठरल्याप्रमाणे बोलावलं की गाद्यांच्या खोलीत यायची, पेन्सिल दातांत धरायची, हातात कागदांचा गठ्ठा घ्यायची. तो गठ्ठा आता कोरा असायचा. ती तोही फडफडवून झाल्यावर उलटा करून बघायची. टेबलावर ती पुन्हा बसली नाही. कुणी उठवलं नव्हतं. एक दिवस तिनेच पेन्सिली ऋतुजाला दिल्या, एक ठेवून.

गावी कायमची निघाली त्या दिवशी मी तिला स्टँडवर पोचवायला गेले होते. गाडीचा बोर्ड तिला वाचता येत नव्हता, मी वाचला. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एक मी घेते म्हटलं तर दिली नाही. दारात गर्दी. कंडक्टरने खालीच तिकीट फाडून दिलं, हात रिकामा नाही म्हणून तिने ते दातांत धरलं. पायरी चढली आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला दातांतूनच म्हणाली, "सरका जरा. मला लांब जायाचं हाय."

दाराजवळच्या सीटवर आईच्या मांडीवर एक मूल झोपायच्या बेतात होतं. त्याचे डोळे एकदम उघडले. ते ताठ बसलं आणि मागे वळून, पिशव्या सांभाळत आत जाणाऱ्या उंच बाईकडे बघत राहिलं. इंदूला ते दिसलं नाही, ते तिच्या डावीकडे होतं. गाडी निघाली.

ती आता तिच्या घरी आहे आणि तब्येतीने बरी आहे. डावा डोळा गेला, उजव्याला समोरचं तेवढं दिसतं. रविवारी फोन करते. शेळ्यांचं आधी सांगते. आवाज हवा असेल तर समीर यंत्र घेऊन तिकडे जातो.

सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा शेवट नीट बघा. तिथे मगर काही बोलत नाही. जबडा उघडतो, पिल्लं बाहेर येतात, एक परत आत जातं आणि मग येतं. त्यातली प्रत्येक रेघ इंदूची आहे. ते सगळे कागद माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लावलेले आहेत. रेघ अजून फिकट झालेली नाही.

तुमची आजी